मोडीत काढलेला बिल्ला

भित्र्या माणसाने नसते छंद लावून घेऊ नयेत, असे आई म्हणायची आणि माझ्याकडे बघूनच म्हणायची. मी लहानपणापासून भित्रा. पोलिसाला भ्यायचो, हेडमास्तरांना भ्यायचो, वसाहतीत पोस्टमन कुणाची तार घेऊन आला तरी मी आतल्या खोलीत पळायचो. आणि अशा माणसाला नाद लागला तो फौजी बिल्ल्यांचा आणि जुन्या खाकी कपड्यांचा. शाळेत असताना मी छात्रसेनेत होतो. परेडला मी कधी पहिल्या ओळीत उभा राहिलो नाही, पण टोपीवरचा पितळी बिल्ला मात्र सगळ्यांत चकचकीत माझा असे. वर्षाच्या शेवटी तो परत करताना रडू आले होते, ते मी पडशाच्या नावावर खपवले.

पुढे चित्रकलेची परीक्षा देताना नाद वाढला. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बुधवारचा बाजार भरतो. तिथे पुलाच्या सावलीला एक बाई गोणपाट अंथरून बसायची. तिच्या घरचे पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गाळ चाळत. यात्रेकरूंनी वाहिलेली नाणी, तुटक्या तोरड्या, देवीचे टाक असे काहीबाही मिळे, आणि त्याच गोणपाटावर देवळालीच्या छावणीतून भंगारात आलेले बिल्ले, बक्कल, बटणेही असत. मी तिथे उकिडवा बसून तास तास घालवी. हळूहळू कळायला लागले. बिल्ल्याचे खरे बोलणे पाठीमागे असते. मागे दोन कड्या असतील तर जुना, उभी पट्टी असेल तर बहुधा नंतरचा. ओतीव पितळ फरशीवर टाकले की बद्द वाजते, ठशाचे पातळ पितळ टणकन वाजते. जुन्या शर्टांची बटणे धुताना काढता येत, आतून कडीने अडकवलेली असत. कॉलरच्या आत काळ्या शाईचा शिक्का सापडला तर मला जेवणाची शुद्ध राहत नसे.

सत्त्याहत्तर साली मी शहरातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिक्षक म्हणून लागलो. वडील रेल्वेच्या गँगमध्ये खडी ठोकत आले होते. आमच्या बौद्ध वसाहतीत शाळेत मास्तर झालेला मी पहिलाच. जयंतीच्या मिरवणुकीत वडील ओळखीच्या-अनोळखी माणसाला थांबवून सांगत, "हा आमचा थोरला. मास्तर आहे." मी मास्तर होतो, पण कायम नव्हतो. दोन वर्षे तात्पुरती नेमणूक, वागणूक समाधानकारक असेल तर पुढे कायम, असे पत्रात लिहिले होते. 'समाधानकारक' या शब्दाची मला त्या दोन वर्षांत जेवढी भीती वाटली तेवढी भुताचीही कधी वाटली नाही.

शाळेत छात्रसेनेची तुकडी होती. ड्रॉइंगच्या सरांना तपासायला वह्या कमी, म्हणून हेडसरांनी त्या तुकडीच्या स्टोअरचा जादा भार माझ्या गळ्यात घातला. बाकीचे शिक्षक हसले. मला मात्र आकाश ठेंगणे झाले. जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोलीत खाकी गणवेशांचे गठ्ठे, बेल्ट, बुटांच्या जोड्या आणि एका लाकडी पेटीत बिल्ले होते. मांजराला दुधाच्या राखणीला बसवावे तसे हेडसरांनी मला तिथे बसवले.

स्टोअरची खरी किल्ली मात्र मामांकडे असे. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. पोरांपासून हेडसरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. गाव सायखेडा, वय पंचावन्न-छप्पन, निवृत्तीला चार वर्षे राहिलेली. शाळेच्या मागच्या खोलीत बायकोसह राहायचे. वीस वर्षे बिल्ल्यांना चिंच आणि राख लावून घासायचे काम त्यांचे. ते वाचायला शाळेतच शिकले होते, पोरांच्या फळ्यावरून, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी बिल्ला उलटा करून त्याची कुळकथा सांगू लागलो की ते स्टुलावर बसून ऐकत आणि म्हणत, "सर, तुमी म्हंजे लय नजरेचं मानूस. आमी नुसतंच घासत ऱ्हायलो."

त्या पेटीत चोवीस बिल्ले फार जुने होते, इंग्रजांच्या वेळच्या कुठल्या तरी विद्यार्थी पलटणीचे. स्वातंत्र्यानंतर कुणी तरी त्यांच्यावरचा मुकुट कानशीने घासून काढला होता आणि तेच पुढे वापरले होते. तेवीस बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी नुसता खडबडीत चट्टा होता. चोविसाव्यावर घासणाऱ्याचा हात कंटाळला असावा. मुकुटाची डावी बाजू अर्धी शिल्लक होती. मागची एक कडी तुटून पुन्हा कथलाने झाळलेली होती. एक राज्य जाऊन दुसरे येताना मध्येच कुणाला तरी जेवायला हाक मारली असावी, असे तो बिल्ला बघून वाटे. मी त्याचे पेन्सिलीने तीनदा चित्र काढले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर हुकूम आला की जुने सामान मोडीत काढा. मोडीत काढण्याची रीत ठरलेली होती. फाटके शर्ट नुसते फेकायचे नाहीत. कॉलर आणि बाह्या कात्रीने कापायच्या, म्हणजे पुन्हा कुणी अंगात घालू शकणार नाही. बिल्ले ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटे करायचे, मोजून पोत्यात भरायचे, पोते वरच्या कार्यालयाला पाठवायचे आणि खाली सह्या करायच्या. तुकडीला परेड शिकवायला लष्कराकडून नेमलेले हवालदार या बाबतीत फार कडक होते. "छावणी जवळ आहे, सर," ते म्हणाले, "साबूत वर्दी बाजारात गेली की कोण घालून कुठे घुसेल, भरोसा नाही. एकसुद्धा नग साबूत राहता कामा नये."

मामा हातोडा घेऊन बसले, मी मोजायला बसलो. हवालदार सावलीत शर्ट कापत होते. पंधरा-सोळा बिल्ले झाल्यावर मामा पाणी प्यायला उठले. माझ्या खिशात बाजारातून घेतलेला एक साधा बिल्ला होता. तो सकाळी घरून निघताना खिशात कसा आला, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारले नाही. मी अर्ध्या मुकुटाचा बिल्ला उचलला आणि त्या जागी साधा ठेवला. मामा परत आले, त्यांनी हातोडा घातला. चपटे झाल्यावर सगळे सारखेच. चोवीस नग भरले. मी सही केली, हवालदारांनी केली, मामांनीही वळणदार अक्षरात केली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बिल्ला मी पोस्टर कलरच्या रिकाम्या बाटलीत घातला, वरून वाळलेला निळा रंग दाबला आणि बाटली घरच्या फळीवर इतर बाटल्यांत ठेवली. हवालदारांचे बूट व्हरांड्यात वाजले की माझ्या हातातला खडू तुटायचा. ते बिचारे "नमस्ते सर" म्हणून पुढे जायचे. मला त्या नमस्तेतही संशय दिसे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. तीन महिने मी तो बिल्ला एकदाही बाहेर काढून पाहिला नाही, आणि ज्याच्यासाठी एवढे केले त्याचेच तोंड बघायची भीती वाटते म्हणून स्वतःवर चिडत राहिलो.

मार्चमध्ये वरून पत्र आले. मोडीत काढलेले गणवेश आणि बिल्ले साबूत स्थितीत बाजारात आढळत आहेत, सर्व शाळांनी आपापल्या स्टोअरची फेरतपासणी करावी, दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई करावी. हेडसरांनी ते मला वाचायला दिले. मी वाचले, पण 'कर्मचाऱ्यावर' या शब्दाच्या पुढे डोळे सरकेनात. जूनमध्ये माझा कायम होण्याचा कागद यायचा होता. वडिलांनी पेढे कुठल्या दुकानातून आणायचे तेसुद्धा ठरवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाटली फोडून मी बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि पुलावर गेलो. पात्राच्या मधोमध पाणी खोल दिसत होते. मी कठड्यावरून हात बाहेर काढला आणि सोडून दिला. आवाजही नीट आला नाही. घरी येऊन मी पोटभर नाश्ता केला. आई म्हणाली, "आज बरा खातोस." सुंठीवाचून खोकला गेला, असे मला वाटले. ज्या नदीच्या गाळातून निघालेल्या वस्तू मी दहा वर्षे उकिडवा बसून वेचत होतो, त्याच नदीत मी पितळ टाकले होते. भीतीने माणसाचे डोके इतके बंद होते, हे मला कुणी सांगून खरे वाटले नसते.

एप्रिल लागला. धरणातून पाणी कमी सुटू लागले आणि चाळणारे लोक पुलाच्या खाली, मधोमध उतरले. बुधवारी सवयीने मी बाजारात गेलो. बाईच्या गोणपाटावर, एका पितळी समईच्या बुडाशेजारी, अर्धा मुकुट वर करून तो पडला होता. मी वाकणार तेवढ्यात एक सायकल शेजारी येऊन टेकली. हवालदार होते. पत्र आल्यापासून ते दर बुधवारी बाजार पालथा घालत होते, हे मला त्यांनी तिथेच सांगितले. बोलता बोलता त्यांनी बिल्ला उचलला, उलटा केला, अंगठ्याने चिखल पुसला.

"सर," ते म्हणाले, "असा मुकुट घासलेला माल मी फक्त आपल्या पेटीत बघितलाय."

मी काही तरी बोललो. काय ते आता आठवत नाही. बाई म्हणाली की पुलाखाली सापडला. हवालदारांनी तो घेतला, कागदात बांधला आणि वरच्या खिशात ठेवून खिशाचे बटण लावले.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते सांगत बसत नाही. वर्गात फुलदाणी काढायला सांगून मी खिडकीशी उभा राहायचो. एकदा हेडसरांकडे जाऊन सगळे सांगून टाकावे म्हणून त्यांच्या दारापर्यंत गेलो. दाराबाहेर शिपायाचे स्टूल होते, त्यावर मामा बसले होते. त्यांनी उठून मला दार उघडून धरले. "जा ना सर, एकलेच हायेत." मी म्हणालो, नंतर येतो. ती वेळ गेली ती गेलीच.

शनिवारी शाळा सुटल्यावर हेडसरांनी मला, मामांना आणि हवालदारांना बोलावले. टेबलावर कागदावर बिल्ला होता. हेडसर चिडले की आवाज आणखी खाली आणत. तसेच खाली आणून त्यांनी विचारले, "हातोडा कोणी मारला होता?"

"मी, साहेब," मामा म्हणाले.

"चोवीसच्या चोवीस?"

"जेवडे समोर ठिवले तेवडे समदे ठोकले."

"मग हा नदीत कसा गेला? तुमच्या हातून सुटला, की कुणाला दिलात?"

मामांचा चेहरा उतरला. वीस वर्षांत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. ते म्हणाले, "साहेब, जरा हातात घिऊ?" त्यांनी बिल्ला घेतला, उलटा केला, झाळलेल्या कडीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी तो हळूच परत ठेवला.

"आपलाच हाय, साहेब," ते म्हणाले. "ही कडी मीच तांबट आळीतून झाळून आनली व्हती. खोटं कशाला बोलू? पर हा सुटला कसा, ते मला सांगता याचं नाय."

आपल्या मानेवर सुरी येते आहे हे दिसत असताना त्यांनी ते सांगितले. त्यांना नाही म्हणता आले असते. त्यांनी बिल्ला ओळखला, आणि ओळखला म्हणून सांगितला. बिल्ले ओळखायचा नाद मला होता, पण ओळखल्यावर खरे सांगायचे असते हे त्या खोलीत त्यांनाच ठाऊक होते.

हेडसर माझ्याकडे वळले. "तुम्ही यातले जाणकार. स्टोअर तुमच्याकडे. हा आपला आहे का?"

हवालदार म्हणाले, "सर, आपण बोलाल ते मी लिहून देतो. वरती पण आपलं नाव माहीत आहे."

मला खरे सांगायचे होते, असे मी आता म्हणू शकतो, पण ते खरे नाही. मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचे होते. आपला आहे म्हटले तर मामा जातात. मी बदलला म्हटले तर मी जातो. तिसरी वाट एकच दिसत होती आणि ती दिसताच मी तिच्यावरून पळत सुटलो.

"हा आपला नाही," मी म्हणालो.

मग मला बोलण्याचा जोरच आला. आपल्या बिल्ल्यांवरचे मुकुट पूर्ण घासलेले होते, हा अर्धाच आहे. आपल्या घासण्याच्या रेघा आडव्या होत्या, या तिरप्या आहेत. असे मुकुट जिल्ह्यात बऱ्याच शाळांनी घासून घेतले होते. झाळलेल्या कड्या तर शेकड्याने सापडतात. वजन, ओतीव पितळ, आवाज, सगळे सांगितले. मी बिल्ला फरशीवर टाकून वाजवूनसुद्धा दाखवला. दहा वर्षांत जे जे शिकलो ते सगळे मी त्या पाच मिनिटांत खोटे बोलायला वापरले.

"पर सर," मामा म्हणाले, "ही कडी..."

"मामा, तुम्हाला नीट दिसलं नसेल," मी म्हणालो. "वय झालं. डोळ्यांचा काय भरवसा?"

त्यांनी एकदा बिल्ल्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत संशय असता तर मला बरे वाटले असते. तिथे नुसता गोंधळ होता. हेडसरांनी सुस्कारा टाकला, म्हणाले, "चला, आपल्या अंगावरचं बालंट गेलं. मामा, तुम्ही डोळे तपासून घ्या." हवालदारांनी माझे म्हणणे लिहून घेतले. मी सही केली. बाहेर आल्यावर जिवात जीव आला. दोघांच्याही नोकऱ्या वाचल्या, कुणाचे काही वाकडे झाले नाही, असे मी घरी जाताना चार वेळा मनाशी म्हटले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा कागद आला. वडिलांनी पेढे वाटले. मामांना पेढा मी स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. मला वाटले, संपले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मामा चित्रकलेच्या वर्गात आले. वर्ग रिकामा होता. हातात कोरा फुलस्केप कागद होता.

"सर, तुमचं अक्षर लय देखणं. येक अर्ज लिहून द्या."

"कसला अर्ज?"

"नौकरी सोडायचा."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. ते हसले नाहीत. समोरच्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तवापास्नं मनात तेच चाललंय," ते म्हणाले. "वीस वर्सं जो बिल्ला ह्या हातानं घासला त्यो वळखू येईना. मी छातीठोक म्हनलो आपला हाय, आन् निघाला दुसऱ्याचा. तुमी व्हते म्हनून बरं, नायतर माझ्या बोलन्यानं शाळेवर बालंट आलं असतं. आता परीक्षेचे पेपर माझ्या हाती असत्यात. गठ्ठा इकडचा तिकडं झाला तर पोराचं वरीस जाईल. दवाखान्यात गेलतो. डाक्टर म्हनला डोळं बरं हायेत. मंग तर आनखीच भ्या वाटलं. डोळं बरं असून वळखत नाय म्हंजे डोस्क्यातच बिघाड. भावाकडं जातो सायखेड्याला. तिथं काय, ढोरं राखायची."

"अजून चार वर्षं आहेत मामा," मी म्हणालो. "खोली सोडावी लागेल."

"सोडू की. मंडळीला सांगितलंय."

आता सांगायचे होते. खोलीत आम्ही दोघेच होतो, दार लोटलेले होते. मी कायम झालो होतो. तरीही खोट्या सहीवर मला काढता आले असते. मामा कुणाला बोलले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. एवढे ठाऊक असून मी टाक उचलला. मी त्यांना भीत होतो. पोलिसाला, हेडमास्तरांना, हवालदाराला भ्यायलो होतो त्याहून जास्त मी त्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला भ्यायलो.

मी अर्ज लिहिला. माझी दृष्टी व स्मरण पूर्वीसारखे राहिले नसल्याने मला सेवेतून मुक्त करावे, अशी नम्र विनंती. अक्षर खरोखरच देखणे आले. कागद त्यांच्याकडे फिरवून मी टेबलावर ठेवला आणि सही करण्याची जागा दाखवली. मामा जागचे उठले नाहीत. बाकावरूनच, दोन हात अंतरावरून, मान जराशी तिरपी करून त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

"तारीख ऱ्हायली, सर," ते म्हणाले.

मी तारीख घातली.